कामिनो अख्खा चालू का शेवटचा तुकडाच?

प्रश्न: मी ५७ वर्षांची आहे, रोज १० किमी चालते, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. स्पेनचा कामिनो फ्रान्सेस, म्हणजे सान्तियागोला जाणारी जुनी यात्रावाट, एकटीने चालायचाय, हातात ४० दिवस आहेत. ७८० किमी झेपतील का? मुलगा म्हणतो शेवटच्या टप्प्यातल्या सारियापासूनच सुरू कर. आणि मधला मेसेता, म्हणजे पठाराचा भाग, रटाळ आहे, तो बसने टाळ असंही खूप जण सांगतात, खरंय का?

उत्तर: ताई, ४० दिवस आहेत ना, मग सें-जाँपासूनच, म्हणजे फ्रान्समधल्या सुरुवातीच्या गावापासूनच निघा! चालायचे ३५ दिवस धरले तरी रोजचे साधारण २२ किमी पडतात, आणि वाटेत गावं लागत राहतात, झोपायला अल्बेर्गे असतात म्हणजे यात्रेकरूंसाठीची साधी हॉस्टेलं, त्यामुळे तंबू-शेगडी काही वाहावं लागत नाही. मला काळजी वाटते ती पहिल्या दिवसाची.

सें-जाँ जेमतेम १७० मीटर उंचीवर आहे आणि पिरेनीज डोंगरांतली खिंड १४०० मीटरच्या वर, ती चढून पलीकडे रोन्सेस्वायेसला उतरायचं, सगळे मिळून २५ किमी, आणि लोक प्रवासाचा शीण अंगात असतानाच हे करायला जातात. मीही तेच केलं, शेवटचा उतार घाईघाईत उतरले आणि टाचांना आलेले फोड पार पुढच्या बुर्गोस शहरापर्यंत पुरले. तुम्ही पहिल्या दिवशी ८ किमीवर ओरिसोनला मुक्काम करा, तिथे जागा थोड्या असतात म्हणून बुकिंग आधीच करून टाका. हा डोंगरावरचा रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो, तेव्हा खालून वालकार्लोसमार्गे जावं लागतं. पण तुम्ही मे नाहीतर सप्टेंबरच धरा.

गुडघ्याला चढापेक्षा उतार छळतो. लेओनच्या पुढे डोंगरमाथ्यावर क्रूस दे फेरो नावाचा क्रूस लागतो, त्यानंतर मोलिनासेका गावापर्यंतचा उतार दगडगोट्यांचा आहे, तिथे दोन काठ्या हव्यातच. सॅक आपल्या वजनाच्या एक दशांशाच्या आत ठेवा, आणि जड वाटली तर पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या मिळतात, त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा सारिया का म्हणतो तेही कळतं, तिथून सान्तियागो साधारण ११५ किमी आहे आणि यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला पायी किमान १०० किमी लागतात. तुम्ही कुठूनही निघा, सारियाच्या पुढे क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पासबुकावर, रोज दोन शिक्के घ्यायला मात्र विसरू नका. वाट चुकण्याची भीती नको, पिवळे बाण सगळीकडे आहेत. ओ सेब्रेइरोच्या एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात ते रंगवायला सुरुवात केली, म्हणून तर आज आपल्यासारखे लोक नकाशा न उघडता चालतात, मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता मेसेता. कृपा करून टाळू नका!! बुर्गोस ते लेओन साधारण १८० किमी, सपाट, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, सावली नावालाच, कार्रियोन दे लोस कोन्देसच्या पुढे तर १७ किमी एकही गाव लागत नाही, तेव्हा पाणी आणि खायचं तिथूनच भरून घ्या आणि उजाडायच्या आत निघा. पण तोवर पाय सरावलेले असतात, मोठे चढउतार काही दिवस थांबलेले असतात, कालपरवापर्यंत अनोळखी असलेली माणसं रोज भेटून घरची झालेली असतात, आणि चालताना डोक्यातली कटकट कधी थांबली ते कळतसुद्धा नाही. मला तरी अख्ख्या वाटेतला हाच पट्टा सगळ्यात जास्त आठवतो. बसच घ्यायची असेल तर बुर्गोसमध्ये शिरतानाच्या कारखान्यांच्या पट्ट्यात घ्या, तिथे नुसता डांबरी रस्ता आणि ट्रक आहेत.