पुरणपोळी गुळाची असते, मग डाएटमध्ये चालेल ना?

तुम्ही विचारलंय, डाएट सुरू आहे, होळीला पुरणपोळी खाल्ली तर चालेल का, गुळाचीच असते म्हणून. खा, खुशाल खा. पण गुळाचा आधार घेऊ नका. 'गुळाचं आहे, काही होत नाही' हे वाक्य मला अजिबात पटत नाही, कारण त्याच्या जोरावर माणसं एकीच्या जागी तीन पोळ्या खातात. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. फरक चवीचा आणि रंगाचा.

आता पोळीचा हिशेब. पाव किलो हरभरा डाळ, पाव किलो गूळ. शिजवून, कट काढून, आटवल्यावर साधारण सातशे ग्रॅम पुरण होतं. एका पोळीत १०० ग्रॅम भरलं तर ३५ ग्रॅम डाळ, ३५ ग्रॅम गूळ आणि पारीला ३० ग्रॅम कणीक. झाल्या ३५० कॅलरी. वर कडेपर्यंत ओघळेल इतकं, म्हणजे मोठा चमचाभर तूप घेतलं की आणखी सव्वाशे. तूप बरणीतून वाढून घेऊ नका, लहान चमच्याने घ्या. एका चमच्याचे ४५ होतात आणि गरम पोळीला तेवढं पुरतं.

पोळी लहान करणं हाच खरा उपाय. ६० ग्रॅम पुरण, २५ ग्रॅम कणकेची पारी, पंजाएवढी पोळी: अडीचशेच्या आत बसते. गूळ पाऊण पट घातला तरी पुरण जमतं, फक्त पातेल्यात उलथनं उभं राहीपर्यंत आटवा, नाहीतर लाटताना पारी फाटते आणि पुरण तव्यावर चिकटून जळतं. कमी गुळात जायफळ थोडं जास्त किसा. साखरेऐवजी चहात टाकतात त्या गोड गोळ्या घालून पुरण करायला जाऊ नका. गूळ वितळून डाळीला बांधतो, गोळी ते करू शकत नाही. पुरण भगराळं राहतं, आणि जिभेचं समाधान न झाल्याने माणूस नंतर दुसरं काहीतरी गोड शोधत बसतो.

'रात्री पोळी आहे' म्हणून दिवसभर उपाशी राहणं सगळ्यात वाईट. सकाळी नेहमीसारखा नाश्ता करा. जेवताना आधी कोशिंबीर आणि वाटीभर कटाची आमटी, मग पोळी. त्या दिवशी भात नको, कुरडई-पापड एकेकच. ताटात पोळीपेक्षा या तळणाचाच हिशेब चुकतो.

दुसऱ्या दिवशी काट्यावर किलोभर वाढलेलं दिसेल. ती चरबी नव्हे. पिष्ट आणि साखर शरीरात साठताना प्रत्येक ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात, वर मिठानेही पाणी साचतं. तीन-चार दिवस काट्याकडे जाऊच नका. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. एका पोळीने ती होत नाही.

वजन वाढतं ते डब्यातल्या शिळ्या पोळ्यांनी. होळी ते रंगपंचमी, रोज चहाबरोबर अर्धी. म्हणून माणशी मोजून करा आणि उरलेलं पुरण लगेच फ्रीजरमध्ये टाका. आठवड्याला अख्खा 'चीट डे', म्हणजे डाएट सोडून हवं ते खाण्याचा दिवस, ठेवण्याच्या मी विरोधात आहे. रोज ५०० कॅलरी कमी खाऊन आठवड्यात ३५०० वाचवायच्या आणि रविवारी दोन हजार परत घ्यायच्या, हाती उरतं काय?

हो, एक राहिलं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर वरचं काही स्वतःच्या मनाने करू नका. भात सोडून पोळी घेताना डोसचा हिशेब बदलू शकतो, तो आधी डॉक्टरांना विचारा. आणि मोजमाप सुरू केलं की खाण्याची भीतीच बसत असेल, तर काटा बाजूला ठेवा, सगळ्यांबरोबर बसून एक पोळी खा.