वाचकांचे प्रश्न : लडाखच्या वसतिगृहाला कोणता संडास बांधून द्यावा?

प्रश्न : आमचा सांगलीत मैत्रिणींचा एक गट आहे. लडाखच्या सहलीत लेहच्या पुढच्या एका गावातल्या मुलींच्या वसतिगृहाशी ओळख झाली. त्यांना नवे संडास बांधून द्यायचे म्हणून आम्ही पैसे जमवले आहेत. आमचं मत टाइल्स लावलेले फ्लशचे संडास द्यावेत असं, तर तिथल्या वॉर्डनबाई म्हणतात, कोरडाच हवा. आजच्या काळात मुलींना भोकावर बसवणं मनाला पटत नाही. काहीजणी रेल्वेसारखं बायो-टॉयलेट सुचवतात. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : वॉर्डनबाईंचं ऐका. माझी नोकरी मलनिस्सारणाच्या कामात गेली, त्यातली काही वर्षं लडाखमध्ये. तिथल्या हिवाळ्यात फ्लशच्या संडासाचं काय होतं ते मी पाहिलंय.

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्रीचा पारा उणे 15 च्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण 9 टक्के फुगतो. एका गेस्टहाऊसात फेब्रुवारीत गेले, तेव्हा भांड्याखालच्या वळणात साठलेलं पाणी गोठून चिनी माती उभी तडकली होती. वरची टाकी कोरडी, नळ कापडाने गुंडाळलेला आणि दाराला कुलूप. घरची माणसं मागच्या अंगणातला जुना कोरडा संडास वापरत होती. शिवाय एका फ्लशला सहा ते दहा लिटर पाणी जातं. हिवाळ्यात ते पाणी मुलींनाच बादल्यांनी वाहून आणावं लागेल. मग मैला जातो शोषखड्ड्यात. थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं, मैला नीट कुजत नाही आणि घाण पाणी जमिनीत मुरतं. लेहमध्ये हॉटेलं वाढली तसे असे खड्डेही वाढले, आणि त्याच जमिनीखालचं पाणी शहर पितं. लेहला 2017 साली टँकरने आणलेला मैला वाळवण्याचं केंद्र सुरू झालं. पण दूरच्या गावातून तो तिथवर नेणार कोण?

बायो-टॉयलेटचा विचार चुकीचा नाही. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने ते सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठीच, टाकीतला मैला कुजवणारे आणि थंडी सोसणारे जिवाणू वापरून तयार केलं आणि रेल्वेत ते नंतर आलं. पण टाकीतला मैला पातळ राहायला हवा आणि टाकी गोठता कामा नये. सैन्याकडे त्यासाठी माणसं आणि इंधन असतं. वसतिगृहात वॉर्डनबाई आणि एक स्वयंपाकीण असेल.

आता कोरड्या संडासाविषयी. तो म्हणजे नुसता खड्डा, ही समजूत मनातून काढून टाका. लडाखी संडास दुमजली असतो. वर बसायची खोली, जमिनीत आयताकृती भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि फावडं. प्रत्येक वेळी वरून माती, राख टाकायची. खालच्या खोलीत साठलेलं खत वर्षाने शेतात जातं. शेण तिथे जळणाला लागतं, त्यामुळे जवाच्या शेताला हे खत मोलाचं. नीट वापरलेल्या अशा संडासाला वास येत नाही, हे मी स्वतःच्या नाकाने सांगते.

पण इथे एक गोष्ट तिथल्या लोकांनाही पटवून द्यावी लागते. थंडीने रोगजंतू मरतात असं अनेकांना वाटतं. गोठल्यावर बरेचसे नुसते थांबतात, आणि जंतांची अंडी तर फार चिवट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 2 ते 20 अंश तापमानात मैला दीड ते दोन वर्षं साठवून मगच शेतात वापरावा. म्हणजे वर्षाला खोली रिकामी करण्याची रीत अपुरी पडते. म्हणून खाली दोन खोल्या बांधा. एक भरली की भोक झाकून बंद करायची आणि दुसरी वापरायची. प्रत्येक खोली दोन वर्षं पुरेल एवढी हवी. मुलींची संख्या सांगून गवंड्याकडून माप काढून घ्या. खोल्यांचं तोंड दक्षिणेला ठेवा आणि खत काढायच्या दाराला काळा रंग दिलेला पत्रा लावा. लडाखमध्ये ढग कमी, ऊन कडक. तेवढ्या उबेने आतला माल लवकर वाळतो. उपसताना हातमोजे आणि गमबूट हवेतच. ते खत मुळा, पालेभाजीला घालायचं नाही, जवालाच घालायचं.

हिवाळ्यात आणखी एक होतं. मैला पडतो तसा गोठतो आणि भोकाखाली सुळका चढत जातो. तो पहारीने पाडावा लागतो. हे काम मुलींवर येऊ नये म्हणून खालची खोली माणूस उभा राहील एवढी उंच ठेवा आणि प्रत्येक खोलीवर दोन भोकं करा, म्हणजे आलटून पालटून वापरता येतील. मातीही सप्टेंबरातच वाळवून, चाळून पोत्यांत भरून आत ठेवायला हवी. नंतर बाहेरची जमीन दगडासारखी होते. बुखारीतली, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीतली राख घालावी, पण पुरती विझलेली.

जमलेल्या पैशांतून टाइल्सऐवजी मुलींना हव्या त्या गोष्टी करा. आतून लागणारी कडी, सौरदिवा, इमारतीतूनच जाता येईल असं झाकलेलं दार. रात्री बर्फातून जायला नको म्हणून मुली संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मी पाहिलंय, आणि त्याचा फार त्रास होतो. पॅडसाठी झाकणाचा डबा वेगळा ठेवा, ती खतात जाऊ देऊ नका. हात धुण्याची जागा बुखारीच्या खोलीतच करा, नळ लावलेल्या डब्यात कोमट पाणी ठेवून. जंतू धुऊन जायला साबण आणि गार पाणीही पुरेसं असतं, पण बर्फासारख्या पाण्यात कुठलंही मूल हात घालत नाही.

बांधकाम मे ते सप्टेंबरच्या आतच उरका. ओलं सिमेंट गोठलं तर ते कधीच पुरेसं मजबूत होत नाही. मापं आणि नकाशा हिवाळ्यातच वॉर्डनबाईंशी बोलून पक्के करा, आणि सिमेंट-पत्रा लेहमधूनच घ्या.