पर्शियन मांजरी ईएमआयवर घ्यायची आणि पिल्लं विकून पैसे काढायचे? ताई, आकडे मांडून बघूया

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात ९ वर्षांचा देशी बोका मन्या आहे (नसबंदी झालेली) आणि पिंजऱ्यात बजरिगरची जोडी. आता तुम्हाला पर्शियन मांजरीचं पिल्लू घ्यायचंय, एका ब्रीडरकडे टोकन देऊन झालंय, बाकीचे पैसे क्रेडिट कार्डवर १२ महिन्यांच्या ईएमआयने किंवा एफडी मोडून द्यायचे आणि ती मोठी झाली की पिल्लं विकून साइड इनकम चालू करायचं. मिस्टरांचं म्हणणं एफडीला हात लावू नको. आणि तुमचा प्रश्न आहे की ही गुंतवणूक म्हणून कशी आहे?

गुंतवणूक म्हणून वाईट आहे. हौस म्हणून वेगळा विचार करता येईल, त्याकडे शेवटी येतो.

सगळे आकडे तुमच्याच पत्रातले आहेत, फक्त सोपं जावं म्हणून तुमचा हातात येणारा पगार १०० धरलाय. घरखर्च ७२, मन्या आणि पक्षी मिळून ६, शिल्लक २२. एफडी २३४, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च. पिल्लाची किंमत ११८, त्यातले ८ टोकन गेले, राहिले ११०. कार्डवर घेतलं तर महिना १० चा हप्ता, एकूण १२०. आणि पिल्लाचं खाणं, लिटर (शी-शूसाठीची वाळू), लसी, ग्रूमिंग मिळून महिना ६ लागतील असं तुम्हीच लिहिलंय, तो अंदाज मला बरोबर वाटतो.

आता २२ मधून १० आणि ६ काढा. उरतात ६. वर्षभर तुमची बचत २२ वरून ६ वर येणार, आणि त्याच वर्षात मन्या दहाचा होणार. एफडी मोडलीत तर हप्ता नाही, पण २३४ चे १२४ राहतात, म्हणजे जेमतेम दीड महिन्याचा खर्च, आणि पगार तर घरात एकच आहे.

पहिल्या वर्षी उत्पन्न शून्य, हे तुम्ही हिशोबात धरलेलं नाहीये. मांजरी पाच-सहा महिन्यांची असताना माजावर येऊ शकते हे खरं, पण तेव्हा ती स्वतःच पिल्लू असते, तिचं अंग भरलेलं नसतं, तेव्हा क्रॉसिंग करायचं, म्हणजे बोक्याशी मीलन घडवायचं नसतं. कुठलाही चांगला व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) निदान वर्षाची तरी होऊ दे म्हणेल. तोपर्यंत ती दर दोन-तीन आठवड्यांनी माजावर येत राहणार, रात्र रात्र ओरडणार, दाराकडे पळणार, कारण क्रॉसिंग झालं नाही तर मांजरीचा माज पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर टोकन ८, हप्ते १२० आणि खर्च ७२, एकूण २०० गेलेले आणि आलेलं काही नाही.

दुसऱ्या वर्षाचा तुमचा हिशोब असा की वर्षात दोनदा व्याली, प्रत्येक वेळी चार पिल्लं, निम्म्या भावाने म्हणजे ६० ला विकली, झाले ४८०. कागदावर जवळजवळ पाच पगार दिसतात आणि म्हणूनच इतके लोक यात पडतात. पण मांजर साधारण नऊ आठवडे गाभण असते आणि पिल्लं १२ आठवड्यांची होईपर्यंत आईपाशी राहायला हवीत (त्याआधी देणारे असतात, पण अशी पिल्लं बऱ्याचदा चावरी, घाबरट निघतात आणि त्यांच्या लसीही पूर्ण झालेल्या नसतात). म्हणजे एका वेतामागे २१ आठवडे, जवळजवळ पाच महिने. वर्षात दोन वेतं म्हणजे ती मांजरी वर्षातले दहा महिने गाभण नाहीतर पाजती. हे मी कुणालाच करा म्हणून सांगणार नाही, तिच्या शरीराचं मातेरं होतं. वर्षाला एकच वेत धरा.

त्यात पर्शियन. चपट्या चेहऱ्याच्या जातींमध्ये पिल्लांची डोकी मोठी आणि गोल असतात, त्यामुळे बाळंतपणात अडचणी देशी मांजरांपेक्षा जास्त येतात, जन्मताना पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. चारच्या चार जगतील हे गृहीत धरू नका, मी तीन धरतो. आणि भाव ६० नाही, ४० धरतो, कारण नाव झालेल्या ब्रीडरला लोक जी किंमत देतात ती कागदपत्रांची, टेस्टची आणि आधीच्या पिल्लांच्या अनुभवाची असते, नवीन माणसाला तो भाव मिळत नाही. तर तीन पिल्लांचे १२०. त्यातून क्रॉसिंगसाठी आणलेल्या बोक्याची फी, सोनोग्राफी, गाभणपणातलं आणि पाजतानाचं जादा खाणं, पिल्लांची जंतनाशकं आणि लसी मिळून ४५ तरी काढा. राहिले ७५. तिचा स्वतःचा वर्षाचा खर्च ७२. हातात ३.

पूर्ण वर्षाचे ३! तुमचाच ६० चा भाव धरला तरी ६३ येतात, आणि मागचे २०० फिटेपर्यंत तीन वर्षं उलटून जातात, तेही काहीही बिघडलं नाही तर. तुमच्या डॉक्टरांनी सिझेरियनचा अंदाज ३५ सांगितलाय, ते एकदा करावं लागलं की माझ्या हिशोबातलं ते वर्ष तोट्यात.

अजून एक मुद्दा पैशाचाही आहे आणि नीतीचाही. पर्शियन मांजरांत पीकेडी नावाचा किडनीचा आनुवंशिक आजार इतर जातींपेक्षा बराच जास्त आढळतो. किडनीत जन्मापासून पाण्याच्या बारीक गाठी असतात, त्या हळूहळू वाढतात आणि त्रास बऱ्याचदा सातेक वर्षांच्या आसपास दिसतो, तोपर्यंत त्या मांजरीची किती वेतं होऊन गेलेली असतात! २००४ साली कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसच्या संशोधकांनी पीकेडी१ जनुकातला यामागचा बदल शोधला, तेव्हापासून गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए टेस्ट करता येते. आईबापांपैकी एकातही तो बदल असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांना आजार जातो. तुमच्या ब्रीडरने दोघांचे रिपोर्ट दाखवले का? पत्रात तसा उल्लेख नाही. रिपोर्ट नसताना पिल्लं विकायची म्हणजे सात वर्षांनी कुणाच्या तरी घरी किडनीचं दुखणं पाठवायचं, आणि तुम्ही तशा बाई नाही हे मन्याबद्दल जे लिहिलंय त्यावरूनच कळतं.

आणि वेळेचं काय? नवं जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज काट्यावर ठेवून १०-१५ ग्रॅम वाढतंय ना ते बघावं लागतं, आणि आईने पाजलं नाही तर दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध, रात्रीसुद्धा. साधं गाईचं दूध चालत नाही, मांजराच्या पिल्लांची वेगळी पावडर मिळते. तुमची पूर्ण वेळ नोकरी आहे. तिथे चार दिवस रजा टाकावी लागली तर तो पगारही याच हिशोबात धरायला हवा.

आता मन्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा खरा आर्थिक प्रश्न तो आहे. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते. कधीतरी असं होतं की बोका लिटरमध्ये जातो, बसतो, जोर करतो, ओरडतो, बाहेर येतो, दोन मिनिटांत परत जातो, सारखा तिथे चाटत बसतो, आणि तुम्ही लिटर चाळून बघता तर लघवीचा एक गोळा नाही. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालं असेल, सकाळी बघू. सकाळपर्यंत थांबायचं नाही! लघवी पूर्ण तुंबली असेल तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. त्याच रात्री व्हेटकडे कॅथेटर (लघवी काढायची नळी), सलाइन, दोन-तीन दिवस अ‍ॅडमिट. हा खर्च हप्त्याने येत नाही, एकदम येतो. आणि याचा घरातल्या ताणाशी थेट संबंध आहे, नवं मांजर, नवा वास, माजावर आलेल्या मांजरीचं ओरडणं, यातलं काहीही हळव्या स्वभावाच्या म्हाताऱ्या बोक्याच्या मूत्राशयाला सूज आणायला पुरतं. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही एफडी अर्धी करणार, त्याच वर्षी ती लागायची शक्यताही स्वतःच्या हाताने वाढवणार. मिस्टर बरोबर बोलतायत.

शिवाय मन्याला आता दातांचं, किडनीचं, थायरॉइडचं, ब्लड प्रेशरचं काही ना काही निघण्याचं वय सुरू होतंय. दहाच्या पुढे दर सहा महिन्यांनी रक्त-लघवी तपासायला सांगतात ते उगाच नाही, किडनीचं लवकर कळलं तर खाण्यात बदल करून बरीच वर्षं काढता येतात. घरातली मांजरं १५ वर्षं सहज जगतात, म्हणजे मन्याची अजून पाच-सहा वर्षं तुमच्या बजेटमध्ये असायला हवीत.

इन्शुरन्सचं विचारलंय. पिल्लासाठी विचारलं असतं तर मी घ्या म्हटलं असतं. नऊ वर्षांच्या बोक्याला बऱ्याच ठिकाणी नव्याने घेत नाहीत, घेतलं तरी प्रीमियम जड असतो, आधीपासूनचा आजार वगळतात, सुरुवातीचा वेटिंग पीरियड असतो, आणि मुख्य म्हणजे बहुतेक पॉलिसींमध्ये आधी बिल आपण भरायचं आणि मग क्लेम करायचा, त्यामुळे रात्री दोन वाजता रोख लागतेच. तर मन्यासाठी वेगळं खातं उघडा, पगार झाला की दर महिन्याला ४ तिकडे आपोआप जाऊ देत, ५० साठेपर्यंत. सव्वा वर्षाच्या आत होईल. तोवर एफडी आहेच, फक्त ती अख्खी राहू दे. बजरिगरच्या डॉक्टरचाही खर्च यातूनच. एक गोष्ट लक्षात ठेवा, मांजराची नखं किंवा दात पक्ष्याला नुसते लागले, जखम दिसत नसली, तरी त्याच दिवशी डॉक्टर, कारण मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. मन्या आता त्या पिंजऱ्याकडे बघतही नाही म्हणता, पण पिल्लू बघणार, अख्खा दिवस बघणार.

साइड इनकम हवं हे अगदी रास्त आहे, त्यावर पाणी टाकायचं नाहीये. तुम्ही लिहिलंय की बिल्डिंगमधले लोक मांजराला गोळी द्यायला, डोळ्यात औषध घालायला तुम्हाला बोलावतात. अहो मग हेच काम करा ना! लोक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन खाणं, लिटर, औषधं. मांजरं जागा बदलली की बावरतात, म्हणून घरी येणाऱ्या माणसाला मागणी असते, आणि यात भांडवल शून्य. आपल्या घरी आणून ठेवू मात्र नका, मन्याला ताण आणि इन्फेक्शनची भीती. महिन्यात ५ जरी सुटले तरी वर्षाचे ६० झाले, आणि ब्रीडिंगमधून तर सगळं सुरळीत जाऊन दुसऱ्या वर्षी ३ येत होते.

आणि पिल्लं-बिल्लं सोडा, मला नुसती दुसरी मांजर हवीय असं मनात असेल, तर मन्याचे ५० साठले की शेल्टरमधून मोठी, शांत स्वभावाची मांजरी आणा. नसबंदी झालेली असेल तर उत्तम, नसेल तर करून घ्या. नसबंदीने गर्भाशयात पू होण्याचं दुखणं टळतं. आणल्यावर पहिले काही दिवस वेगळी खोली, आधी वासाची ओळख मग तोंडओळख, आणि दोन मांजरांना तीन लिटर बॉक्स. महिन्याचे ५ जातील, ते तुम्हाला झेपतं.

टोकनचे ८ परत मिळतायत का विचारा, टेस्टचे रिपोर्ट नसतील तर तेच कारण सांगा. नाहीच दिले तर सोडून द्या, ८ वाचवायला ११० घालू नका. ब्रीडरला रविवारच्या आत कळवा म्हणजे ते पिल्लू दुसऱ्या कुणाला जाईल. आणि मन्याची तपासणी याच महिन्यात करून घ्या, बिल किती झालं ते मला लिहा, त्यावरून ४ पुरतायत की वाढवायचे ते ठरवू.