कोरड्यास पातळ कसं?

"सासर सोलापूरकडचं आहे, तिथे पातळ भाजीला, अगदी आमटीलासुद्धा कोरड्यास म्हणतात, त्यात कोरडं काय असतं, शब्द चुकीचा वापरतात का?" असा प्रश्न आलाय.

अजिबात चुकीचा नाहीये. कोरडी आहे ती भाकरी. त्या कोरड्या भाकरीला जे लावायचं, जे ओतून कुस्करायचं ते कोरड्यास, मी तरी हा शब्द असाच फोडते, 'घरास', 'गावास' मधला जो 'स' तोच इथे. मग ते हुलग्याचं असो, वांग्याचं असो नाहीतर डाळीचं, सगळं कोरड्यासच.

मी बार्शीकडची. आमच्या दारात शेजारीण यायची ती "कोरड्यास काय केलंय गं?" असंच विचारायची, भाकरीचं कुणी विचारायचंच नाही कारण ती ज्वारीची आणि ती असणारच. आजी जर्मनच्या ताटात भाकरी बारीक चुरायची, मधे बोटांनी आळं करायची आणि त्यात गरम कोरड्यास ओतायची, ते भाकरीत मुरेपर्यंत घास घ्यायची नाही. तुरीची डाळ महाग झाली की त्याच पातेल्यात पाणी वाढायचं, म्हणजे घरात किती आहे ते कोरड्यासाच्या पातळपणावरून कळायचं!

पुण्यात शिकायला आल्यावर मेसमधे मी सहज "कोरड्यास वाढा" म्हणाले आणि शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या दिवसापासून मी चारचौघात 'आमटी' म्हणायला लागले. माझ्यासारख्या किती जणींनी हा शब्द असा गावी ठेवून दिला असेल, याचं मला खरंच वाईट वाटतं. हॉटेलांच्या मेनूकार्डावर झुणका, पिठलं, ठेचा सगळं मानानं आलं, पण कोरड्यास मी अजून तरी कुठे वाचलेलं नाही.

पोळी-चपातीचंही तसंच आहे बघा. ज्यांच्याकडे गहू रोजचा होता त्यांची रोजची ती पोळी, आणि ज्यांच्याकडे रोज ज्वारी-बाजरी आणि गहू सणालाच, त्यांच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची, पुढे गहू रोजच्या जेवणात आला तेव्हा त्याला नाव पडलं चपाती. म्हणून डब्यात 'चपाती' म्हणणाऱ्याला "पोळी म्हण" असं कुणी सुधारायला गेलं की मला राग येतो. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, फक्त वेगवेगळ्या चुलींवरचे आहेत.

आता वापराचं. कोरड्यास नपुंसकलिंगी, म्हणजे 'ते कोरड्यास', 'वाटीभर कोरड्यास दे'. नुसत्या सुक्या चटणीला आमच्याकडे सहसा कोरड्यास म्हणत नाहीत. जवळचा शब्द 'कालवण', पण तो जपून वापरा, कोकणात आणि मुंबईत कितीतरी घरांत कालवण म्हटलं की माशाचंच समजतात.