स्पॅनिश क्रियापदांची रूपं कशी तोडायची आणि जोर नेमका कुठे द्यायचा?

तुम्ही विचारलंय की 'मी बोलतो' पण आब्लो आणि 'तो बोलला' पण आब्लो, मग ऐकून ओळखायचं कसं. फक्त जोरावरून. आऽब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लोऽ म्हणजे तो बोलला (ऽ मी जोर दाखवायला टाकतेय, फार लांबवू नका). मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी अर्थ बदलत नाही त्यामुळे आपला कान तयारच नसतो. मेक्सिकोच्या एका क्लायंटच्या कॉलवर समोरची बाई पागोऽ म्हणाली, म्हणजे त्याने पैसे भरले, मी ऐकलं पाऽगो, म्हणजे मी भरते, आणि आम्ही दोन दिवस आलेल्या पेमेंटची वाट बघत बसलो.

नियम खरंच सोपा आहे. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर (तुकडा म्हणजे एका झटक्यात म्हटला जाणारा भाग, इंग्रजीत सिलॅबल), आऽब्लास, आऽब्लान, आब्लाऽमोस. दुसरं कुठलं व्यंजन असेल तर शेवटच्यावर, म्हणून मूळ रूपं आब्लाऽर, कोमेऽर. जे यात बसत नाही त्या स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात, ती दिसली की डोळे मिटून तिथेच जोर. आर्जेन्टिनात 'तू बोलतोस'ला आब्लाऽस ऐकू येईल, ते चूक नाही, त्यांचं 'तू'चं रूपच वेगळं आहे आणि लिहितानाही रेघ देतात.

तोडताना मात्र देवनागरीच्या भरवशावर राहू नका. कान्तो (मी गातो) आपण लिहिताना का-न्तो असं दिसतं, पण आहे कान-तो. आणि उलट आब्लो आपल्या जिभेवर आब्-लो होतं, तिथे आ-ब्लो, कारण ब्ल, ब्र, त्र हे फुटत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ दोन स्वर शेजारी आले की होतो, आणि इथे शाळेतली यण् संधी आठवा, इति अधिक आदि इत्यादि. स्पॅनिशमध्ये अगदी तेच, इ किंवा उ दुसऱ्या स्वराला चिकटला की य नाहीतर व होऊन एकच तुकडा, म्हणून 'आपण शिकतो' हे एस-तु-द्याऽ-मोस, चारच तुकडे, पाच नाही. पण रेघ त्या इ-उ वरच असेल तर संधी होत नाही. एन-बीऽ-ओ म्हणजे मी पाठवतो, तीन तुकडे, आणि एन-ब्योऽ म्हणजे त्याने पाठवलं, दोनच. कोन-ति-नूऽ-ओ आणि कोन-ति-न्वोऽ हेही तसंच. आ, ए, ओ आपापसात कधीच संधी करत नाहीत, 'वाचणे' ले-एऽर.

आज्ञेला 'मला', 'ते' जोडले तरी जोर मूळ जागीच राहतो, दा (दे) चं दाऽ-मे-लो होतं आणि म्हणूनच त्याच्यावर रेघ येते.

सरावाला एकच जोडी पुरे, खरं तर तिघं आहेत: तेऽर-मि-नो म्हणजे शेवट, तेर-मीऽ-नो मी संपवतो, तेर-मि-नोऽ त्याने संपवलं. जोराच्या जागी टाळी वाजवत म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून कुठलं कुठलं ते ओळखा.