मस्कटीनमध्ये जुनं घर घेताय? आधी पाण्याच्या वाटा तपासा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून मोलीनला (इलिनॉय) बदली, व्हिसा एच-१बी. मिसिसिपीकाठच्या मस्कटीन (आयोवा) गावात १९१२ सालचं दुमजली घर आवडलंय. नदीपासून चार ब्लॉक, पूर्ण तळघर, मागणी १,४८,००० डॉलर. एजंट म्हणतो, घर सरकारी पूर-नकाशावर 'झोन एक्स'मध्ये (कमी धोक्याच्या पट्ट्यात) आहे, पूरविमा सक्तीचा नाही, म्हणजे पुराची काळजी नाही.

झोन खरा असेल, सक्ती नाही हेही खरं असेल. 'काळजी नाही' हे मात्र एजंटने आपल्या पदरचं जोडलंय.

मुळात या गावात 'चार ब्लॉक' या अंतराला काही अर्थ नाही. मस्कटीन काही टेकाडांवर आणि काही त्यांच्या पायथ्याशी वसलंय. वेस्ट हिलवर नदीच्या अगदी डोक्यावरचं घर पुराच्या पाण्यापेक्षा कितीतरी उंच असतं. साउथ एंडला बरंच आत असलेलं घर मात्र सखल जमिनीवर, बांधाच्या भरवशावर उभं असतं. म्हणून अंतर विचारू नका, तळघराच्या फरशीची उंची विचारा. नदीच्या मोजपट्टीवरचे फूट म्हणजे पाण्याची खोली नव्हे आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नव्हे. पट्टीच्या शून्याची उंची अधिक पातळी, अशी बेरीज करून ती फरशीच्या उंचीशी ताडायची. १९९३ च्या जुलैत इथे २५.६१ फूट पातळी गेली होती. घराचं 'एलेव्हेशन सर्टिफिकेट' (मोजलेल्या उंचीचा दाखला) असेल तर हे गणित पाच मिनिटांत होतं. नसेल तर सर्व्हेयरकडून काही शे डॉलरमध्ये करून मिळतं.

आता झोनबद्दल. फेमाच्या (अमेरिकेची केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्था) नकाशा संकेतस्थळावर पत्ता टाकून नकाशा फुकट काढता येतो. 'एई' म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यतेच्या पुराचं क्षेत्र, ढोबळमानाने आपल्याकडची लाल पूररेषा. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ही शक्यता साधारण २६ टक्के होते. 'एक्स' मात्र दोन तऱ्हांचा असतो: खरोखर उंचावरचा, आणि बांधामुळे एक्स ठरलेला. नकाशावर दुसऱ्या प्रकाराला वेगळी छटा आणि बांधाचा उल्लेख असतो. तो दिसला तर सक्ती नसली तरी पूरविमा घ्याच.

पाणी घरात चार वाटांनी येतं आणि प्रत्येक वाटेचा विमा वेगळा. लोक इथेच फसतात.

पहिली वाट नदीची. वसंतातल्या बर्फवितळीचा पूर (१९६५ चा तसा होता) बरेच दिवस आधी कळतो, सामान हलवायला वेळ मिळतो. दुसरी वाट मॅड क्रीकसारख्या नाल्यांची. वादळी पावसात ते काही तासांत चढतात. तिसरी जमिनीखालून: नदी फुगली की भूजल वर येतं आणि सखल भागातल्या वाळूमिश्रित जमिनीतून तळघरात पाझरतं. चौथी गटाराची, आणि रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त त्रास हीच देते. नदी चढली की बांधातून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या झडपा बंद कराव्या लागतात, नाहीतर नदीच आत येईल. त्याच वेळी गावात जोराचा पाऊस झाला तर ते पाणी पंपांवर अवलंबून आत साठतं. बांध अगदी शाबूत असताना तळघरं भरतात ती अशी. जुन्या वस्त्यांत पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून जायचे. वेस्ट हिल भागात हे नळ वेगळे करण्याचं काम नगरपालिका बरीच वर्षं टप्प्याटप्प्याने करतेय. तुमच्या गल्लीतलं झालंय का, हे नगरपालिकेच्या सार्वजनिक बांधकाम विभागात फोन करून विचारा.

साध्या घरविम्यात पूर नसतो. सरकारी पूरविमा योजनेच्या, म्हणजे एनएफआयपीच्या, पॉलिसीत इमारतीला कमाल २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलर मिळतात, पण तळघरापुरती ती फार कंजूष आहे: घर तापवायची भट्टी, वॉटर हीटर, विजेचा पॅनेल मिळतो. तळघरातल्या तयार भिंती, गालिचा, सोफा, टीव्ही यांचं काही नाही. गटार तुंबून आलेलं पाणी पूर आल्यामुळे आलं असेल तरच तिच्यात बसतं. एरवी त्यासाठी घरविम्याला 'वॉटर अँड सुअर बॅकअप'ची (गटार उलटण्याची) जोड घ्यावी लागते, ती वेगळी मागा. नव्या एनएफआयपी पॉलिसीला ३० दिवस थांबावं लागतं. कर्जासाठी लागणारी पॉलिसी क्लोजिंगच्या वेळी (घराचा व्यवहार पूर्ण होताना) घेतली तर ही अट नसते. विक्रेत्याची पॉलिसी चालू असेल तर ती तुमच्या नावावर करून मागा, तिचा जुना सवलतीचा दर पुढे चालू शकतो.

एवढ्यासाठीच माझं मत ठाम आहे: सखल भागातलं तळघर 'फिनिश' करू नका (भिंती-गालिचा घालून राहण्याजोगं करू नका), आणि फिनिश केलेल्या तळघरासाठी जास्त पैसे मोजू नका.

घर पाहायला जाल तेव्हा तळघरापासून सुरुवात करा, स्वयंपाकघरापासून नाही. फक्त खालच्या तीन फुटांना ताजा रंग दिसला तर पाण्याची रेघ लपवलीय असं धरून चाला. वॉटर हीटरचे पाय, भट्टीच्या पत्र्याची खालची कड आणि जिन्याच्या लाकडाची टोकं टॉर्चने पाहा, गंज आणि काळे डाग खोटं बोलत नाहीत. चुनखडीच्या पायाला थोडा लोणा धरलेला असेल तर घाबरू नका, पण दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरलेल्या असतील तर सावध. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल दगडातूनच बाहेर पडते आणि थंडीत दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे चुन्याचाच मसाला हवा. बाहेर पन्हळीचं पाणी पायापासून निदान ६ फूट लांब पडतंय का आणि जमीन पहिल्या १० फुटांत ६ इंच उतरतेय का, हे बघा. तळघरातली बरीचशी ओल एवढ्यानेच जाते आणि खर्च नगण्य.

सम्प पंप (तळघराच्या खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा) असेल तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून चालवून बघा. तो साधारण ७ ते १० वर्षं टिकतो. अर्धा हॉर्सपॉवर, चेक व्हॉल्व्ह (पाणी परत येऊ न देणारी झडप) आणि बॅटरीवरचा दुसरा पंप, एवढं हवंच, कारण ज्या वादळात पाणी येतं त्याच वादळात वीज जाते. पंपाचं पाणी बाहेर नेणारा नळ हिवाळ्यात गोठतो आणि पंप नुसताच घरघरत राहतो, त्यामुळे त्याला सलग उतार हवा. गटाराच्या नळावर बॅकवॉटर व्हॉल्व्ह (गटाराचं पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवलात तर एक लक्षात ठेवा: तो बंद झाला की तुमचंही पाणी बाहेर जात नाही. तेव्हा संडास-आंघोळ केलीत तर आपलंच पाणी आपल्या तळघरात. आणि तळघर भरलंच तर घाईने उपसू नका. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते, आतला दाब एकदम गेला की भिंत आत येते. नदी उतरल्यावर दिवसाला साधारण एक तृतीयांश, एवढाच वेग ठेवा.

इन्स्पेक्शनच्या मुदतीत (करारानंतर घर तपासायला मिळणाऱ्या दिवसांत) नेहमीच्या तपासणीशिवाय दोन गोष्टी वेगळे पैसे देऊन करा. गटाराच्या नळात कॅमेरा (बहुधा २०० ते ४०० डॉलर): जुने मातीचे नळ झाडांच्या मुळांनी फुटतात आणि रस्त्यापर्यंतचा नळ मालकाच्या माथी असतो. दुसरी रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी, निदान ४८ तास खिडक्या बंद ठेवून. अख्खं आयोवा फेमाच्या नाही, ईपीएच्या (केंद्रीय पर्यावरण संस्था) नकाशावर सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहे. आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा वर आला तर पंखा-नळीची यंत्रणा बसवायची. तिला साधारण १,००० ते २,००० डॉलर लागतात, ते विक्रेत्याकडे मागायचे.

१९१२ चं घर म्हणजे पोटमाळ्यावर चिनीमातीच्या खुंट्यांवरून गेलेली जुनी वायरिंग असू शकते. तळघरात नवा ब्रेकर पॅनेल दिसला म्हणून ती गेली असं समजू नका. ती चालू असेल तर बऱ्याच विमा कंपन्या पॉलिसीच देत नाहीत, आणि तिच्यावर इन्सुलेशन भरणं धोक्याचं. पाण्याचा आत येणारा नळ खरवडून बघा: मऊ, चकचकीत आणि लोहचुंबक न चिकटणारा असेल तर शिशाचा. टेकाडावरचं घर असेल तर मागची संरक्षक भिंत झुकलीय का ते पाहा. ती पडली तर घरविमा सहसा हात वर करतो, जमीन सरकणं त्यात धरत नाहीत.

विक्रेत्याने आयोवाच्या कायद्याप्रमाणे घराच्या दोषांचा फॉर्म भरून द्यायचा असतो, त्यात तळघरातलं पाणी आणि पूरक्षेत्र यांचा प्रश्न असतो. पण मृताच्या इस्टेटीतून विकलेल्या घराला यातून सूट आहे, आणि अशा गावांत तशी घरं बरीच. मग विक्रेत्याकरवी विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागवा. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना १९९३ साली पाणी कुठवर होतं हे विचारणंही कमी उपयोगाचं नाही.

कागदपत्रांत आयोवा सगळ्यांहून वेगळं आहे. खासगी टायटल इन्शुरन्स (मालकी हक्कातल्या दोषांचा विमा) विकायला बंदी असलेलं हे एकमेव राज्य. इथे 'ॲबस्ट्रॅक्ट' नावाचं मालकीच्या इतिहासाचं बाड असतं, वकील ते वाचून मत देतो आणि त्यावर राज्याच्या संस्थेची टायटल गॅरंटी मिळते. बाड विक्रेत्याकडे आहे ना, हे ऑफरच्या आधीच विचारा. हरवलं असेल तर नवं करायला वेळ आणि पैसा जातो. मालमत्ता कर मागाहून, सप्टेंबर आणि मार्चमध्ये भरतात, म्हणून विक्रेत्याच्या काळातल्या कराची रक्कम क्लोजिंगला तुम्हाला वळती झाली पाहिजे. घर नावावर झालं की होमस्टेड सवलतीचा (स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज काउंटी असेसरकडे, म्हणजे मालमत्तेचं कर-मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, १ जुलैच्या आत द्या.

कर्जाबाबत: मे २०२५ पासून एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज एच-१बीवाल्यांना मिळत नाही, यूएसडीएचं (कृषी खात्याचं) शून्य डाउन पेमेंटवालंही नाही. तुमच्यासाठी कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) कर्ज, २० टक्क्यांपेक्षा कमी भरलंत तर पीएमआयसह (कर्जदात्याच्या संरक्षणाचा विमा, हप्ता तुमचा). भारतातून पैसे आणणार असाल तर लवकर आणा. बँक दोन महिन्यांची स्टेटमेंट्स मागते आणि मोठ्या रकमेचा उगम विचारते.

राहण्याबद्दल थोडंसं. नदीकाठाने सीपीकेसी या रेल्वे कंपनीची मालगाडी जाते. १४ एप्रिल २०२३ ला दोन रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणातून ती बनली, त्यानंतर या मार्गावर गाड्या वाढणार हे आधीच जाहीर होतं. फाटकाआधी १५ ते २० सेकंद दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा वाजतो, म्हणून घर रात्री अकरानंतर आपली कार थांबवून एकदा बाहेरून 'ऐका'. मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा वास वाऱ्याच्या दिशेवर असतो. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी चक्कर मारा. डॅव्हनपोर्टपर्यंतचा ६१ नंबरचा रस्ता चौपदरी आहे, मोलीनला पाऊण तास धरा. भारतीय वाणसामान डॅव्हनपोर्ट-मोलीन किंवा आयोवा सिटीला.

आणि नोकरी इलिनॉयमध्ये, घर आयोवात असेल तर पगारावरचा राज्य कर फक्त आयोवाला द्यायचा, दोन राज्यांत तसा करार आहे. कंपनीच्या पेरोलला आयएल-डब्ल्यू-५-एनआर हा फॉर्म दिला नाही तर ते इलिनॉयचे ४.९५ टक्के कापत राहतील आणि परतावा मागत बसावं लागेल. आयोवाचा दर २०२५ पासून सरसकट ३.८ टक्के आहे.