‘निरीक्षण’, ‘आढळ’ की ‘नोंद’?

पैठणच्या नाथसागरावर पक्षिगणना करणाऱ्या काही गटांनी आपापल्या वह्या एकाच सामायिक तक्त्यात उतरवायला घेतल्या, तेव्हा ‘निरीक्षण’ या रकान्यात कोणी तारीख-वेळ लिहिली, तर कोणी पक्ष्यांची संख्या. निरीक्षण, आढळ आणि नोंद हे शब्द समानार्थी मानावेत का, असा प्रश्न त्यांच्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे.

मानू नयेत. ‘निरीक्षण करणे’ या क्रियेला करणारा माणूस लागतो. ‘आढळणे’ अकर्मक आहे. त्यात कर्ता होतो तो पक्षी, आणि पाहणारा ‘मला’ एवढाच उरतो किंवा पुसलाच जातो. ‘नोंद’ म्हणजे यानंतर कागदावर उमटणारी ओळ. जैवविविधतेच्या माहितीसाठी 2009 साली मान्य झालेल्या ‘डार्विन कोर’ या मानकातही ‘इव्हेंट’ (पाहण्याची फेरी) आणि ‘ऑकरन्स’ (त्या फेरीतला एकेक आढळ) वेगळे आहेत, कारण एका सकाळच्या एका फेरीत दहा जातींचे दहा आढळ मिळू शकतात आणि तारीख, वेळ, ठिकाण, माणसे ही माहिती त्या फेरीची असते, पक्ष्याची नव्हे.

‘इव्हेंट’साठी मी ‘पाहणी’ हा शब्द घेईन. खासरा पाहणी पत्रक (जमिनीचा जुना सरकारी कागद) किंवा पीक पाहणी ज्यांच्या घरात रोजच्या बोलण्यातली आहे, त्या मराठवाड्यातल्या माणसाला पाहणी म्हणजे अमुक दिवशी अमुक जागी जाऊन केलेले काम, हे समजावून सांगावे लागत नाही. ‘आढळ’ला मात्र एक अडचण आहे: पक्ष्यांच्या पुस्तकांत ‘आढळ : भारतभर’ असे छापतात आणि तेथे तो प्रदेशवाचक असतो. त्या अर्थी ‘आढळक्षेत्र’ म्हणावे.

खरी गोची रिकाम्या चौकटीची आहे. काठावर दोन तास थांबूनही रोहित (फ्लेमिंगो) दिसला नाही आणि रोहित शोधलाच नाही, या दोन्ही गोष्टी वहीत सारख्याच कोऱ्या दिसतात. येथे कचेरीतला ‘निरंक’ उपयोगी पडतो (व्युत्पत्तीने ‘अंक नसलेला’, पण वापरात ‘पाहिले, काही मिळाले नाही’ असे ठामपणे सांगणारा). ‘निरंक आढळ’ कानाला खटकते, म्हणून रकान्याला ‘आढळस्थिती’ म्हणावे आणि त्यात ‘आहे’ किंवा ‘निरंक’ लिहावे. कोरी चौकट फक्त न शोधलेल्या जातीसाठी राखावी.